बीटी कापूस ते संपादित भात: धोरण दिशा देते की नुसती परवानगी?

प्रश्न
धोरण_विद्यार्थिनी, पुणे

नमस्कार. नव्या तंत्रज्ञानाला वळण लावण्यात शासनाच्या विज्ञान-धोरणाचा नेमका वाटा किती असतो, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे आणि त्यासाठी मी भारतातील जनुकीय पिकांचा इतिहास निवडला आहे. १९५८ चा विज्ञान-धोरण ठराव, १९८३ चे तंत्रज्ञान-धोरण निवेदन आणि २००३ व २०१३ ची धोरणे मी वाचली. त्यांत विज्ञानाविषयी आस्था आहे आणि स्वावलंबनाचा आग्रहही आहे. परंतु उद्या शेतात उतरणाऱ्या एखाद्या विशिष्ट तंत्रज्ञानाचे काय करायचे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते उत्तर प्रत्यक्षात १९८९ च्या नियमावलीने दिले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेल्या या नियमांनी घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले सजीव यांना एकाच चौकटीत बसवले, आणि बीटी कापसापासून मोहरीपर्यंतचे सर्व निर्णय याच चौकटीत झाले.

हा प्रश्न आता विचारण्याचे कारण असे. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने डीएमएच-११ या जनुकीय मोहरीच्या परवानगीबाबत परस्परविरोधी निकाल दिले. मात्र केंद्राने राज्ये, शेतकरी आणि तज्ज्ञ यांच्याशी सल्लामसलत करून जनुकीय पिकांसंबंधी राष्ट्रीय धोरण आखावे, याविषयी दोघांचे एकमत झाले. दुसरीकडे ४ मे २०२५ रोजी दोन जनुक-संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात लहानसा बदल केलेले, भातवाण जाहीर झाले आणि त्यांना मोहरीसारख्या लांबलचक प्रक्रियेतून जावे लागले नाही. म्हणजे एक तंत्रज्ञान वर्षानुवर्षे दाराशी अडून राहते आणि त्याच्याच जवळचे दुसरे सहज आत येते. धोरण तंत्रज्ञानाला दिशा देते असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या साधनांनी हे काम करते? महाराष्ट्राने बीटी कापसाचा अनुभव प्रत्यक्ष घेतलेला असल्यामुळे येथील जाणकारांकडून उत्तर हवे आहे. येऊ घातलेल्या राष्ट्रीय धोरणात आपल्या राज्याने कशाचा आग्रह धरावा, हेही कृपया सांगावे.

उत्तर १
कीटकशास्त्र_विदर्भ

आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझी सारी नोकरी कपाशीवरील किडींच्या अभ्यासात गेली आणि त्या काळात माझ्या मनात जी खंत साठली तिचा थेट संबंध आपल्या प्रश्नाशी आहे. आपल्या धोरणाची जवळजवळ सर्व शक्ती परवानगी द्यावी की नाही या एका प्रश्नावर खर्च होते आणि परवानगीनंतरच्या वीस वर्षांसाठी काहीही शिल्लक उरत नाही, हे माझे उत्तर आहे. ते कशावरून, हे थोडे विस्ताराने सांगतो.

२६ मार्च २००२ रोजी जीईएसीने, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकीविषयक केंद्रीय समितीने, तीन बीटी संकरित वाणांना मान्यता दिली. जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांत मॉन्सँटोचे क्राय१एसी हे जनुक घातलेले होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच ‘बीटी’, हा मातीतला जिवाणू जे प्रथिन तयार करतो तेच प्रथिन हे जनुक झाडात तयार करते; अळीने पान किंवा बोंड खाल्ले की ते तिच्या आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडते आणि ती मरते. परंतु एकच विष संपूर्ण शिवारात हंगामभर उभे राहिले, तर त्या विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्याच वाचणार आणि पुढची पिढी त्यांचीच होणार, हे कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. म्हणून मान्यतेसोबत अट होती: बीटी कपाशीभोवती नॉन-बीटी कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा आश्रयपट्टा लावायचा. त्या पट्ट्यावर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग शिवारातील प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती लांबणीवर पडेल, अशी ही योजना होती. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट दिले जाई.

कागदावर ही अट शास्त्रशुद्ध होती. मात्र दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा किडींना खायला सोडून द्यावा, अशी अपेक्षा तिच्यामागे होती आणि त्या बदल्यात त्याला काहीही मिळणार नव्हते. ती पाकिटे बांधावर फेकली गेली. हे कृषी केंद्रचालकाला, कृषी सहायकाला आणि आम्हा विद्यापीठातल्या सर्वांनाच माहीत होते. अट पाळली जाते की नाही हे पाहणारी आणि न पाळल्यास काही बदल करू शकणारी सक्षम यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २००२ मध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन बोंडअळी होती, कारण नव्वदच्या दशकात तिने कहर केला होता. ही अळी तुरीवर, हरभऱ्यावर आणि इतर अनेक पिकांवर जगते. त्यामुळे आश्रयपट्टा लावला नाही तरी आजूबाजूची पिके काही प्रमाणात तेच काम करतात. गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. तिची उपजीविका प्रामुख्याने कपाशीवरच असते. म्हणजे ज्या किडीसाठी आश्रयपट्टा खऱ्या अर्थाने आवश्यक होता, तिचा विचार करून अट घातलेलीच नव्हती. त्यात आपल्याकडील फरदडीची पद्धत. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की किडीला वर्षभर घर मिळते. या पद्धतीला बळ मिळाले ते दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांमुळे. भारतात बीटी जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांतून आला. अमेरिकेत आणि इतर बहुतेक कापूस-देशांत तो सरळ वाणांत आहे. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरी ठेवू शकतो, ते दाट लावता येते आणि कमी मुदतीत वेचणी आटोपते. जनुक कोणत्या स्वरूपाच्या वाणातून शेतात जाईल, हा निर्णय देशाच्या कापूस-शेतीचे भवितव्य ठरवणारा होता. आणि तो कोणत्याही धोरणाने घेतला नाही, बाजाराने घेतला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २०१० मध्ये गुजरातेतून पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बोलगार्ड-२ ही त्यावरची ढाल होती, पण काही वर्षांतच तीही निकामी ठरली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी डोमकळ्यांनी (अळीमुळे न उमललेल्या फुलांनी) आणि किडक्या बोंडांनी भरून गेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या तंत्रज्ञानाने फवारणी कमी होणार होती, त्याच्या पंधराव्या वर्षी हे घडले, याचे मला आजही अतिशय दुःख होते.

याच्या शेजारी अमेरिकेतील ॲरिझोनाचे उदाहरण ठेवा. तेथे कीड हीच होती आणि जनुकही हेच होते. तेथे आधी आश्रयपट्ट्याची अट काटेकोरपणे पाळली गेली, प्रतिकारशक्तीची दरवर्षी तपासणी झाली, नंतर वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशातील कापूस-क्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे घोषित केले. तेथील शेते मोठी आहेत, बागायती आहेत, शेतकरी संख्येने थोडे आहेत, हे सर्व मान्य केले तरी एवढे निश्चित की, एकाच तंत्रज्ञानाचे दोन देशांत दोन टोकांचे परिणाम झाले आणि तंत्रज्ञान शेतात गेल्यानंतर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे त्या फरकाचे एक मोठे कारण होते. धोरणाचे काम कोठे असते, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

उत्तर २
कपाशी_उत्पादक, अकोट

सरांनी परवानगीनंतरच्या काळाविषयी लिहिले आहे. परवानगी नसताना काय घडते, ते मी एक शेतकरी म्हणून लिहितो.

तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस आपल्या देशात अधिकृतपणे कधीच मान्य झालेला नाही. त्याच्या मान्यतेसाठी केलेला अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला गेला. बियाण्याची किंमत आणि त्यातील तंत्रज्ञान-शुल्क यांवर केंद्राने घातलेल्या मर्यादेवरून कंपनी आणि शासन यांच्यात तेव्हा वाद सुरू होता. परंतु आमच्या भागात हे बियाणे ‘चोरबीटी’ या नावाने वर्षानुवर्षे विकले जाते आणि ते कोणाकडे मिळते हे गावातील लहान मुलेही सांगतील. १० जून २०१९ रोजी आमच्या अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे बियाणे जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. त्या वेळी या गुन्ह्याला पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती, तरीही हजाराच्या वर शेतकरी जमले. याचा अर्थ काय, ते धोरण आखणाऱ्यांनी समजून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पावसाची झड लागली की निंदणीला माणूस मिळत नाही, वाफसा येईपर्यंत डवरणी करता येत नाही आणि तोवर तण कपाशीच्या वर जाते. त्या अडचणीवर मान्यताप्राप्त उपाय वेळेवर मिळाला नाही, तर शेतकरी अमान्य उपायाकडे वळतोच.

आणि त्याची किंमत तोच भरतो. चोरबीटीचे पक्के बिल मिळत नाही. उगवण झाली नाही तर तक्रार कोणाकडे करणार? पाकिटावर नाव एक आणि आत बियाणे दुसरेच, असे मी स्वतः भोगले आहे. त्या हंगामात दुबार पेरणी करावी लागली आणि भरपाईचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण मी काही विकत घेतल्याचा कागदच माझ्याजवळ नव्हता. अशा बियाण्यात बोंडअळीरोधक जनुके किती आणि कोणती आहेत, हेही कोणी तपासत नाही. मग सर ज्या प्रतिकारशक्तीच्या तपासणीविषयी लिहितात ती अर्धवटच राहणार. नकार देणे हेही एक धोरण असते हे मला मान्य आहे. परंतु नकार द्यायचा तर तो अमलात आणण्याची तयारी हवी आणि ज्या अडचणीमुळे शेतकरी त्या वस्तूकडे वळतो तिच्यावर दुसरा उपाय देण्याचीही तयारी हवी. आम्हाला यांपैकी काहीच मिळाले नाही.

उत्तर ३
शेतमजूर_संघटक, यवतमाळ

कपाशी उत्पादक दादांची अडचण खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. परंतु निंदणीला माणूस मिळत नाही, या वाक्यातील ‘माणूस’ म्हणजे बहुतेक वेळा बाई असते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. विदर्भातील भूमिहीन कुटुंबांत पावसाळ्यातील रोख मजुरी मुख्यतः निंदणीतून येते आणि ती बायकांच्या हातात येते. तणनाशक सहन करणारे पीक सार्वत्रिक झाले, तर ही मजुरी आटेल. तसे होऊ द्यावे किंवा नाही, याविषयी दोन मते असू शकतात; यंत्रे आली तेव्हाही मजुरी गेली होती आणि पाठीत वाकून केलेले हे काम सुखाचे आहे असे कोणतीही मजूर बाई म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हा प्रश्न विचारण्याची जागाच आपल्या निर्णयप्रक्रियेत नाही. जीईएसीसमोर विषारीपणा, ॲलर्जी, परागकणांद्वारे जनुकाचा प्रसार आणि इतर कीटकांवरील परिणाम यांच्या चाचण्या येतात. कोणाची मजुरी जाणार आणि त्या घराने पुढे काय करावे, याची नोंद होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी २०१३ च्या अंतिम अहवालात तणनाशक-सहनशील पिके भारतीय परिस्थितीला अनुरूप नसल्याचे मत नोंदवले आणि त्यात ग्रामीण रोजगाराचा विचार होता. म्हणजे शास्त्रज्ञांच्या समितीलाही हा विचार करता येतो. मात्र तो करण्यासाठी प्रकरण न्यायालयापर्यंत जावे लागले. राज्याने आग्रह कशाचा धरावा, असे आपण विचारले आहे. सुरक्षिततेच्या अहवालाइतकाच रोजगारावरील परिणामाचा अहवाल बंधनकारक असावा आणि तो तयार करताना ज्यांची मजुरी पणाला लागली आहे त्या बायकांना गावात जाऊन विचारले जावे, एवढे माझ्या वतीने आपल्या प्रबंधात अवश्य नोंदवा.

उत्तर ४
विधी_आणि_विज्ञान, मुंबई

नियमावलीच्या अंगाने थोडे लिहितो.

१९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे रेणवीय जीवशास्त्रज्ञ एकत्र आले आणि जनुक-जोडणीच्या प्रयोगांवर आपण होऊन बंधने ठरवून घेतली. हे उदाहरण नेहमी आदर्श म्हणून दिले जाते, आणि तो शास्त्रज्ञांच्या जबाबदारीचा मोठा क्षण होता यात शंका नाही. परंतु त्या बैठकीत चर्चा प्रामुख्याने प्रयोगशाळेतील धोक्याची झाली. शेती, बाजार, बियाण्यावरील मालकी हे विषय तेथे नव्हते. आपली १९८९ ची नियमावली याच विचारपरंपरेतली आहे. संस्थेची जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागातील आरसीजीएम ही आढावा समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयातील जीईएसी, अशी ही उतरंड आहे. ती ‘धोका आहे का’ एवढेच विचारते. शिवाय जैवतंत्रज्ञान विभाग ज्या संशोधनाला पैसा देतो त्याचीच तपासणी करणारी समिती त्याच विभागात बसते, हा आक्षेप कित्येक वर्षे घेतला जात आहे. स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक एप्रिल २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यावरही कठोर टीका झाली, आणि लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले.

बीटी वांग्याचे प्रकरण आपण जरूर अभ्यासावे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने त्याला अनुकूल निर्णय दिला; तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. सुनावण्या घेणे ही माझ्या मते भारतीय विज्ञान-प्रशासनातील फार मोलाची घटना होती, कारण शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक आणि विरोधक एका सभागृहात बोलले. दुर्दैवाने त्यानंतर काय करायचे, हे ठरले नाही. स्वतंत्र अभ्यासांतून सुरक्षितता सिद्ध होईपर्यंत स्थगिती, असे निर्णयात म्हटले होते; ते अभ्यास कोण करणार, कोणाच्या पैशाने आणि किती वर्षांत, याचे वेळापत्रक आखले गेले नाही. त्याच वांग्याच्या वाणांना बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी सुरुवातीला वीस शेतकऱ्यांना रोपे देऊन लागवड सुरू केली. बांगलादेशाने योग्य केले की आपण, हा वाद बाजूला ठेवला तरी त्यांच्याकडे आज शेतातील अनुभव आहे. आपल्याकडे अनुभवही नाही आणि ठरवून केलेला अभ्यासही नाही.

तुलनेसाठी ब्रिटन पाहावे. परीक्षानळीतील गर्भधारणा यशस्वी झाल्यावर तेथे १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९८४ च्या अहवालातून मानवी भ्रूणावरील प्रयोगांना चौदा दिवसांची मर्यादा पुढे आली, १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९१ पासून परवाने देणारे, तपासणी करणारे कायमस्वरूपी प्राधिकरण काम करू लागले. त्या समितीत केवळ शास्त्रज्ञ नव्हते. मर्यादा कशी आखायची, हा नैतिक निर्णय आहे हे मान्य करून तो उघडपणे घेतला गेला आणि तो राबवण्यासाठी संस्था उभारली गेली. संशोधन त्यामुळे थांबले नाही. आपल्याला कोठपर्यंत जाता येईल हे संशोधकांना निश्चितपणे कळले.

उत्तर ५
वनस्पती_जैवतंत्रज्ञान, हैदराबाद

मूळ प्रश्नातील जनुक-संपादित भाताविषयी स्पष्टीकरण देते, कारण ‘सहज आत आले’ हे शब्द मला पुरते योग्य वाटत नाहीत.

पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ च्या आदेशाने जनुक-संपादनाच्या पहिल्या दोन प्रकारांना, ज्यांना आम्ही एसडीएन-१ आणि एसडीएन-२ म्हणतो, १९८९ च्या नियमावलीतील नियम ७ ते ११ मधून सूट दिली. या प्रकारांत पिकाच्या स्वतःच्या जनुकात लहानसा बदल केला जातो आणि अंतिम रोपात परके जनुक उरत नाही. असे बदल निसर्गतः किंवा किरणोत्सारी प्रजननातूनही होऊ शकतात. परके जनुक उरलेले नाही, याची खात्री संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला करावीच लागते. जाहीर झालेल्या वाणांपैकी डीआरआर धान १००, म्हणजे ‘कमला’, आमच्या शहरातील भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा महसुरी या लोकप्रिय वाणापासून तयार केला आणि पुसा डीएसटी राइस १ हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० पासून. दोन्ही संस्था सार्वजनिक आहेत आणि दोन्ही वाण सरळ आहेत, त्यामुळे शेतकरी बियाणे राखू शकतो. माझ्या मते ही सूट शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय आहे.

तरीही दोन बाबींवर धोरण मौन बाळगून आहे आणि त्यांची मला काळजी वाटते. संपादनासाठी वापरल्या जाणाऱ्या मूळ तंत्रावरील महत्त्वाची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. सार्वजनिक पैशातून घडवलेला वाण शेतकऱ्याला कोणत्या अटींवर मिळेल, हे बियाणे वाटण्याआधी उघड झाले पाहिजे. या बाबतीत कापसाचा धडा ताजा आहे: सार्वजनिक संस्थांनी घडवलेला बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण २००८ मध्ये आला, त्यात खासगी कंपनीचे जनुक आढळल्यामुळे तो लवकरच मागे घ्यावा लागला आणि शेतकऱ्याने घरी राखावे असे बीटी बियाणे मिळण्याची मोठी संधी हातची गेली. दुसरी बाब नोंदणीची. सूट मिळालेल्या प्रत्येक वाणात कोणते जनुक, कोठे आणि कसे बदलले, याची सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असावी. सूट म्हणजे गुप्तता नव्हे, आणि आमच्या क्षेत्रावर लोकांचा विश्वास बसायचा असेल तर ही मागणी आम्ही संशोधकांनीच पुढे होऊन केली पाहिजे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
धोरण_विद्यार्थिनी, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कीटकशास्त्रज्ञ सरांना आणि विधी अभ्यासक सरांना एक पुढचा प्रश्न विचारते. परवानगीनंतरची देखरेख हे धोरणाचे मुख्य काम मानले, तर त्यासाठी नवा कायदा लागेल का? की आहे त्या चौकटीत राज्यालाही काही करता येईल? जनुकीय पिकांच्या चाचण्यांसाठी २०११ पासून राज्याचा ना-हरकत दाखला आवश्यक झाला आहे, परंतु तोही पुन्हा परवानगीच्याच टप्प्यावरचा अधिकार आहे.

विधी_आणि_विज्ञान, मुंबई

नव्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. १९८९ च्या नियमावलीतील नियम १३ पाहा. त्यानुसार जीईएसीची मान्यता प्रथम जास्तीत जास्त चार वर्षांसाठीच देता येते, नंतर एका वेळी दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण होते, आणि हानिकारक परिणामांची नवी माहिती मिळाली किंवा अटी पाळल्या गेल्या नाहीत तर मान्यता रद्द करण्याचा अधिकार समितीला आहे. २०२२ मध्ये मोहरीला दिलेल्या मान्यतेतही चार वर्षांची मुदत घातलेली आहे. म्हणजे तंत्रज्ञानाला ठरावीक काळाने पुन्हा समोर बोलावून त्याचा हिशेब घेण्याचे साधन कायद्यात पहिल्यापासून आहे. बीटी कपाशीचे आश्रयपट्टे लावले जात नाहीत हे उघड असताना त्या साधनाचा परिणामकारक वापर झाला नाही. राज्यापुरते बोलायचे तर कापूस बियाण्यांचा पुरवठा, वितरण, विक्री आणि किंमत यांचे नियमन करणारा २००९ चा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राकडे आहे. बियाणे विक्रीच्या परवान्याला माहिती देण्याच्या अटी जोडण्याचा विचार त्याच्या आधारे करता येईल.

कीटकशास्त्र_विदर्भ

याला जोडून माझी मागणी लिहितो. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीच्या अहवालाबरोबर सार्वजनिक संस्थेने स्वतंत्रपणे गोळा केलेली आकडेवारी समोर असलीच पाहिजे. प्रत्येक कापूस-जिल्ह्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवी बोंडे गोळा करून जिवंत अळ्यांचे प्रमाण मोजणे, त्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून विषाच्या ठरावीक मात्रेवर तपासणे आणि कामगंध सापळ्यांतील (मादीच्या गंधासारख्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतील) पतंगांची साप्ताहिक नोंद ठेवणे, एवढी तीन कामे पुरेशी आहेत. ही कामे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि आपली कृषी विद्यापीठे उत्तम करू शकतात आणि आजही आपापल्या परीने करतात. परंतु त्यांना प्रकल्पाच्या मुदतीपुरता पैसा मिळतो आणि त्यांचे निष्कर्ष मान्यतेच्या नूतनीकरणाला बांधलेले नाहीत. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे अल्पशी रक्कम या कामासाठी राखून ठेवावी, जिल्हानिहाय आकडे दर हंगामाअखेरीस मराठीत प्रसिद्ध करावेत आणि जिवंत अळ्यांचे प्रमाण कोणत्या मर्यादेपलीकडे गेले की त्या जिल्ह्यात वाणांची मुदत, लागवडीची तारीख आणि फरदडीवरील निर्बंध बदलायचे, हे मान्यतापत्रातच लिहून ठेवावे.

अकोटच्या शेतकरी बंधूंना एक विनंती. अशी तपासणी सुरू झाली तर चोरबीटीच्या शेतांतूनही बोंडे घ्यावी लागतील. नमुना देणाऱ्या शेतकऱ्यावर त्या कारणावरून कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी असल्याशिवाय कोणी नमुना देणार नाही, हे आपण शेतकऱ्यांच्या बाजूने आग्रहाने मांडावे.

कपाशी_उत्पादक, अकोट

सर, अशी हमी मिळाली तर पहिला नमुना माझ्या शेतातून घ्यावा. मात्र आकडे मुंबई-दिल्लीला जाण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, कारण पऱ्हाटी डिसेंबरात उपटायची की ठेवायची हा निर्णय आम्हाला त्याच आठवड्यात घ्यायचा असतो.